वीणा खुंटीवर: एका गावच्या अखंड सप्ताहाचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही, काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. मी तिथल्या देवस्थान पंच कमिटीचा चिटणीस, निवृत्त प्राथमिक शिक्षक. म्हणजे हे त्रयस्थाचं लिहिणं नव्हे. आसपासच्या दोन-तीन गावांचे पंच 'तुमच्याकडं नेमकं काय झालं?' म्हणून विचारून गेले. दर वेळी तोंडी सांगताना माझी बाजू थोडी थोडी उजळत चालली आहे असं ध्यानात आलं, म्हणून एकदा कागदावर उतरवतो.

पार्श्वभूमी

मलप्रभेच्या खोऱ्यातलं दीडशे-पावणेदोनशे उंबऱ्यांचं गाव. भात आणि काजू. वरच्या तीन गल्ल्या मराठी, खालची एक गल्ली घरात कन्नड बोलणारी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूरकडं गेला, तेव्हापासून इथं दुकानाची पाटी असो की शाळेची खोली, तिला सीमेचा प्रश्न चिकटतोच. सप्ताहालाही चिकटला. उतारे कन्नडमध्ये झाले, कचेरी कन्नडमध्ये गेली, निदान हरिनाम तरी मराठीत राहिलंय, असं आमचे म्हातारे म्हणायचे. त्यामुळे सप्ताह हा देवाचा तर होताच, शिवाय गावाच्या अस्मितेचाही होता. पुढं जे घडलं त्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

सप्ताह माघ शुद्ध दशमीला बसतो. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला ती ही तिथी. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, मग प्रवचन, कीर्तन, जागर, आणि शेवटी काला. या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट सलग चालते, ती म्हणजे वीणा. वीणेकरी ती गळ्यात घालून उभा राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सात दिवस, सात रात्री ती खाली टेकवायची नाही. पत्रिकेवर 'अखंड' हा शब्द असतो तो एवढ्याचसाठी.

आमच्या बुवांनी चाळीस वर्षं हा सप्ताह ओढला. पूर्वी रात्रीच्या पहाऱ्यावरून भांडणं व्हायची, म्हणजे मला का दिला नाही म्हणून. मग माणसं गेली. कोण पुण्याला, कोण चोर्ला घाट उतरून गोव्याला, कोण बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत. गावात देऊळ मोठं झालं, फरशी आली, चार भोंगे आले.

अडचण

2023 च्या माघात तिसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. कुणीतरी फोन केला होता. फौजदार माणूस बरा होता. आम्ही मराठीत बोलत होतो, तो कन्नडमध्ये उत्तर देत होता, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. भोंगा बंद करा, भजन चालू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. साऊंडवाल्यानं बटण दाबलं.

गाव एकदम गप्प झालं. पोलिसांना वाटेला लावून मी घराच्या पायरीवर उभा होतो. देवळाला लागून घर असलेली आजी बाहेर आली आणि म्हणाली, "मास्तर, भोंगा बंद केला तर भजन बी बंद झालं काय?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, पण प्रश्न बरोबर होता. तीस पावलांवर देऊळ, भोंगा बंद झाल्यावर टाळ तरी ऐकू यायला हवे होते. मी गेलो. सभामंडपात ट्यूब जळत होती, समईत तेल होतं. वीणा खुंटीला टांगलेली, तिच्या भोपळ्यावर झेंडूची माळ. ॲम्प्लिफायरला लावलेल्या पेन ड्राइव्हचा निळा दिवा उघडझाप करत होता. खांबाला टेकून एक म्हातारे माळकरी कांबळं पांघरून झोपले होते, मांडीवर टाळ तसेच. भिंतीवरच्या यादीत दहा ते बारापुढं चार नावं होती. त्यातली दोन पुण्यात होती, एक गोव्यात. चौथं नाव माझ्या मुलाचं, आणि तो घरी पांघरुणात मोबाइल बघत पडला होता.

नंतर विचारत गेल्यावर कळलं की चार-पाच वर्षं हे असंच चाललं होतं. कीर्तन संपलं की पेन ड्राइव्ह लावायचा, काकड्याला काढायचा. साऊंडवाल्याला ठाऊक होतं, दोन पंचांना ठाऊक होतं, बाकीच्यांना अर्धंमुर्धं. आवाज येतोय म्हणजे भजन चाललंय, असं समजून सगळं गाव आपापल्या घरी निवांत झोपत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत यातलं अक्षरही निघालं नाही. तक्रार कुणी केली, हाच विषय. हिंदूंच्याच सणावर कायदा आठवतो, असं एक म्हणाला. दुसऱ्याचा संशय कन्नड संघटनेवर, तिसऱ्याचा थेट खालच्या गल्लीवर. मशिदीच्या भोंग्याला कोण विचारतंय काय, असंही निघालं. राज्य सरकारनं मे 2022 मध्ये काढलेला आदेश सगळ्यांनाच लागू होता आणि परवाने त्यांनाही घ्यावे लागले होते. मला हे माहीत होतं, पण मी उठलो नाही. आणि वीणा खुंटीवर होती, हेही सांगितलं नाही. 'पोलिसांमुळे अखंड सप्ताह खंडित झाला' असा ठराव इतिवृत्तात गेला. अक्षर माझंच आहे.

काय काय करता आलं असतं

पोरांचा जोर पहिल्या पर्यायावर होता: अर्ज, मोर्चा, वेळ पडली तर कोर्ट. मी कायदा नीट वाचला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी सूट देऊ शकतं, पण ती वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि फक्त बारापर्यंत. वस्तीतली रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, म्हणजे हळू आवाजातल्या गप्पा. 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्यंही आली, सुटका फक्त बंदिस्त जागेला, आणि आमचा मंडप तीन बाजूंनी उघडा. सूट मिळाली असती तरी बारानंतरचे सहा तास उरलेच असते. बैठकीत मी हे सांगितल्यावर एक पोरगा म्हणाला, "मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूचे की हो?"

दुसरा पर्याय प्रामाणिक होता. रात्री दहाला वीणा देवापुढं ठेवायची, पहाटे चारला घ्यायची, आणि पत्रिकेतून 'अखंड' काढून टाकायचं. असं करणारी गावं आहेत, त्यात कमीपणा नाही. मी स्वतः याच मताचा होतो. बुवांनी एका वाक्यात तो मोडला: "मग सात दिवस कशाला, एकच करूया की."

बाहेरून भजनी मंडळ आणून रात्रीचा पहारा त्यांच्याकडं द्यावा, हा तिसरा. पैसे पुण्याच्या पोरांनी द्यायची तयारी दाखवली. तो कुणालाच मनापासून नको होता, तरी सोपा म्हणून महिनाभर रेंगाळला.

चौथा पर्याय, गावानं स्वतः उभं राहायचं. इथं मी वहीत हिशेब मांडला. दहा ते चार, दोन-दोन तासांचे तीन पहारे. सात रात्री म्हणजे एकवीस. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि किमान चार टाळकरी. एकूण 105 जागा. एकेकानं दोनदा उभं राहायचं म्हटलं तरी 53 माणसं लागणार. गल्लीगल्लीत फिरून यादी केली तेव्हा रात्री जागू शकणारे, गावातच राहणारे पुरुष भरले 31. त्यातले नऊ जण साठीच्या पुढचे.

31 आणि 53 हे दोन आकडे मी बैठकीच्या फळ्यावर खडूनं लिहिले. त्यानंतर तक्रार कुणी केली हा विषय मागं पडला.

काय केलं

खरं तर तक्रार कुणी केली हे मला तोवर कळलं होतं. घर वरच्या गल्लीतलं, आमच्याच भावकीतलं. घरात अर्धांगवायूनं पडलेला माणूस, आणि एका भोंग्याचं तोंड नेमकं त्याच्या खिडकीकडं. भोंगा जरा वळवा, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा मला. 'बघूया की' म्हणून मी विसरून गेलो होतो. पोरांच्या हातात हे नाव पडू नये म्हणून मी गप्प राहिलो, ते बरोबर केलं असं अजून वाटतं. पण त्या घरी जाऊन चूक कबूल करायला मला आठ महिने लागले.

2024 च्या सप्ताहासाठी चारही भोंगे उतरवले, मंडपाच्या आत दोन छोटे बॉक्स ठेवले. कीर्तन साडेसातला आणलं, म्हणजे साडेनऊला आटोपायचं. परवान्याचा अर्ज खालच्या गल्लीतल्या एका पोरानं कन्नडमध्ये लिहून दिला. माझ्या मराठी अर्जावर दोन फेऱ्या गेल्या होत्या, त्याचा एका फेरीत झाला. रात्री पखवाज नाही, फक्त वीणा आणि टाळ, तेही हलक्या हातानं. वाऱ्याच्या बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या.

मार्गशीर्षापासून दर गुरुवारी सराव ठेवला. पहिल्या गुरुवारी अठरा पोरं आली आणि एकालाही 'जय जय राम कृष्ण हरी'ची चाल दहा मिनिटं धरता येईना. सगळे वरच्या पट्टीत सुरू करायचे आणि घसा बसला की थांबायचे. बुवांनी त्यांना एकच गोष्ट परत परत शिकवली: रात्री पट्टी खाली घ्यायची, दम पुरवून वापरायचा, टाळ छातीजवळ धरायचे म्हणजे दंड दुखत नाहीत. पोटतिडकीनं बोलणारी पोरं होती, पण त्यांना टाळ कुणी हातात दिलाच नव्हता. त्यात आमचाही दोष.

22 जानेवारी 2024 ला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, गावात घरोघरी पणत्या लागल्या, मंडपात उभं राहायला जागा नव्हती. त्याच गर्दीत मी पहाऱ्याची वही फिरवली. सात नवी नावं मिळाली. मला वाईट वाटलं, बुवांना नाही. ते म्हणाले, "सात म्हणजे सात, मास्तर. मिळाली ती धरा."

तरी माणसं कमीच. तेव्हा खालच्या गल्लीच्या भजनी मंडळानं आपणहून दोन पहारे मागितले. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. मराठी देवळात कन्नड भजन, तेही सीमाभागात. पण बुवांनी क्षणाचाही विचार केला नाही. ज्ञानोबांनीच विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय, 'कर्नाटकु' म्हटलंय, आणि पुरंदरदासांच्या पदांत शेवटी पुरंदर विठ्ठलच येतो, मग अडवणारे आपण कोण? विषय तिथंच मिटला.

भाषेवरून भांडण होईल म्हणून मी तयारीत होतो आणि झालं ते बायकांवरून. गावातला महिलांचा हरिपाठ वर्षभर रोज चालतो. आवाज त्यांचे, पाठांतर त्यांचं, वेळेला हजरही त्याच. त्यातल्या बारा जणींनी रात्रीच्या पहाऱ्याला नावं दिली. बुवा म्हणाले, टाळ घ्या, वीणा नको. मी मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई अशी नावं घेतली. ते म्हणाले, "मुक्ताबाई होणं वेगळं आणि वीणा घेणं वेगळं. पायंडा नाही." विटाळाचा शब्द कुणी उच्चारला नाही, पण बैठकीत तो बसलेला होता. शेवटी तडजोड झाली: बायकांनी टाळकरी म्हणून यायचं, प्रत्येक पहाऱ्याला वीणेकरी पुरुषच. बायकांना विचारून हे ठरलं नाही, ठरल्यावर त्यांना कळवण्यात आलं.

आणि एक गोष्ट या तयारीच्या काळातच फुटली. साऊंडवाला एका पोराशी बोलताना पेन ड्राइव्हचं सांगून बसला. पोलिसांनी सप्ताह मोडला या रागानं जी पोरं गोळा झाली होती, त्यांना समजलं की मोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. दोघं त्याच दिवशी निघून गेले. त्यातला एक मला म्हणाला, "आमाला सांगितला असता तरी आलो असतो की." मला उत्तर सुचलं नाही.

काय झालं

पहिल्या चार रात्री ठरल्याप्रमाणे गेल्या. थंडी होती, वर चांदणं होतं, आणि भोंगे नसल्यानं गावात प्रथमच टाळांचा खरा आवाज ऐकू येत होता, जवळ गेल्यावर मोठा आणि लांब गेल्यावर लहान. दुसऱ्या रात्री खालच्या गल्लीच्या मंडळाचा पहारा होता. आमची दोन पोरं तो संपल्यावरही उठली नाहीत.

पाचव्या रात्री गावातल्या एका घरची हळद होती. दोन ते चारचा वीणेकरी तिकडं गेला तो आलाच नाही. बारा ते दोनवाला फाउंड्रीतला, त्याला सकाळी सहाची पाळी गाठायची होती. पावणेतीनपर्यंत तो उभा राहिला. त्याच्या घोट्यांना सूज आलेली दिसत होती. टाळकऱ्यांत तीन बायका आणि एक दहावीतला पोरगा. पोराला उंचीमुळं वीणा पेलेना. मी काकड्याच्या तयारीला साडेतीनला पोचलो तेव्हा वीणा आजीच्या गळ्यात होती. तीच, गेल्या वर्षी पायरीवर प्रश्न विचारणारी. पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळे मिटलेले, तारेवरचं बोट सारखं चालू.

चारला पाच मिनिटं कमी असताना बुवा आले. हौदावर पाय धुतले, वर आले आणि थांबले. भजन चालूच होतं, फक्त टाळ थोडे हलके झाले. वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, हा पहाऱ्याचा नेम. बुवा पुढं झाले, वाकले, आजीच्या पायांना हात लावला. तीही वाकली. वीणा त्यांच्या गळ्यात आली आणि त्यांनी काकडा सुरू केला.

काला झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, ते अडचणीतलं होतं. त्याला पायंडा म्हणू नका."

त्या सात रात्री वीणा खाली टेकली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकीचा हिशेब मिश्र आहे. दोन पंचांनी राजीनामे दिले, एकानं बायकांच्या कारणावरून, दुसऱ्यानं भोंगे उतरवल्यावरून. अर्धांगवायूवाल्या घरातून अजून कुणी देवळात आलेलं नाही. 2025 च्या माघात बुवा पंढरपूरला माघवारीला गेले. सप्ताहापायी माघवारी चुकते, असं ते दरवर्षी म्हणायचे, त्या वर्षी चुकवली नाही. रागानं गेले की ओढीनं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या गैरहजेरीत बायकांनी चार पहारे वीणेसकट केले. ते आल्यावर कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तक्रार आली त्याच सकाळी भोंग्याचं तोंड ज्या खिडकीकडं होतं तिथं गेलो असतो. ते घर आमच्याच देवाचं होतं. परकं कोण हे ठरवण्याच्या घाईत आम्ही आपल्यातलं दुखणं पाहिलं नाही.

खुंटीवरच्या वीणेची गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगितली असती. खोट्या रागावर माणसं लवकर जमतात आणि तितक्याच लवकर पांगतात. दोन चांगली पोरं मी त्यात घालवली. वर, तेव्हाच सांगितलं असतं तर ते इतिवृत्त आज मला डोळे चुकवत वाचावं लागलं नसतं.

सराव आषाढीला सुरू केला असता. दोन-अडीच महिन्यांत चाल बसते, आवाज बसत नाही.

बायकांना शेवटी कळवण्याऐवजी आधी विचारलं असतं. वीणेचा प्रश्न बुवांपुढं बैठकीत काढला ही माझी चूक. चार माणसांसमोर त्यांना नकाराशिवाय वाट उरली नाही. घरी जाऊन, एकट्यानं विचारायला हवं होतं. तेव्हाही ते नाहीच म्हणाले असते कदाचित. चाळीस वर्षं ज्यांनी हे सांभाळलं त्यांना 'जुने विचार' म्हणून बाजूला सारणारे आमच्यात दोन-तीन सुशिक्षित आहेत. मला ते पटत नाही. वीणा कशी धरायची हे त्या आजीनंही बुवांकडं बघूनच शिकलं होतं.

जे आज पुन्हा तसंच करीन ते म्हणजे फळ्यावरचे दोन आकडे. आसपासच्या पंचांना मी हेच सांगतो: पत्रक काढण्याआधी रात्री अडीचला आपल्या देवळात जाऊन या, मग माणसं मोजा.

यंदाची वही भरत आणली आहे. बुवा गावात आहेत, काकड्याचे सातही दिवस त्यांनी स्वतःकडं ठेवलेत. बायकांची नावं आता वेगळ्या पानावर नाहीत, पुरुषांच्याच रकान्यात, मधेमधे आहेत. बुवांनी वही चाळली, चष्मा काढला, परत दिली. माझ्या मुलानं आपणहून एक पहारा घेतलाय, तो टिकतो का बघायचं. पाचव्या रात्रीच्या दोन ते चारपुढं अजून वीणेकऱ्याचं नाव नाही.